चूल पेटल्यावर तळावर या

फेब्रुवारी २०२७ मध्ये ऊसपट्ट्यात माणसं मोजायला निघणाऱ्या प्रगणक गुरुजींना आणि बाईंना,



तुमच्यातले पुष्कळजण जिल्हा परिषदेचे शिक्षक असणार, म्हणून थोड्या हक्कानं लिहितो. मीही त्याच वाटेचा. बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यात प्राथमिक शिक्षक होतो, दोन जनगणना अंगावर घेतल्या, आता पेन्शनवर आहे. आईवडील उसाला जायचे. आमच्याकडं नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. टोळीचा मुकादम आगाऊ उचल देतो ती कोयत्यावर. एकटा माणूस असला तर तो अर्धा कोयता. अशा एका कोयत्याचा मी थोरला मुलगा.

तुमच्या प्रशिक्षणात पुष्कळ काही येईल. या खेपेला माहिती मोबाइलवर भरायची आहे, जातीची नोंद आहे, ज्याला जमेल त्यानं आपली माहिती आपणच भरायची सोयही आहे. या गर्दीत उसातल्या माणसांना दोन मिनिटं तरी मिळतील का, याची मला शंका आहे. म्हणून हे पत्र.

घोळ असा आहे. जनगणनेचे दोन टप्पे. पहिला घरयादीचा, एप्रिल ते सप्टेंबर २०२६ मध्ये, प्रत्येक राज्यानं ठरवलेल्या तीस दिवसांत. छप्पर कशाचं, भिंत कशाची, पाणी कुठून येतं, उजेड कशाचा, संडास आहे का, स्वयंपाक कशावर होतो, हे सगळं तेव्हा विचारायचं. दुसरा टप्पा माणसांचा, फेब्रुवारी २०२७ मध्ये, आणि हिशेब धरायचा तो १ मार्च लागतो त्या मध्यरात्रीचा. याच्या शेजारी आता उसाचं कॅलेंडर ठेवून बघा. दसरा झाला की मुकादमाच्या गाड्या भरायला लागतात. दिवाळीच्या आगेमागे गावं रिकामी होतात. कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, मार्चमध्ये, ऊस जास्त असला तर एप्रिल उजाडतो. म्हणजे घरं मोजतात तेव्हा आमची माणसं गावात, आणि माणसं मोजतात तेव्हा ती उसात. फेब्रुवारीत ज्या कोपीत, म्हणजे उसातल्या झोपडीत, चार जीव झोपतात, तिच्या छपराबद्दल आणि पाण्याबद्दल सरकार कुणालाच विचारत नाही, कारण घरयादीच्या वेळी त्या जागेवर नुसतं रान होतं.

१९३१ पर्यंत आपल्याकडं ही मोजणी एका रात्रीत व्हायची. चांदण्याची रात्र बघून माणसं कंदील घेऊन निघायची आणि जो जिथं सापडेल तिथं त्याला लिहायची. आता वीस दिवस मिळतात, पण जुन्या पद्धतीचा कणा टिकून आहे. २०११ च्या सूचनापुस्तिकेत नियम असा होता, की मोजणीच्या सबंध काळात जो माणूस घरी आलाच नाही त्याला त्या घरात लिहायचं नाही. तो जिथं असेल तिथं त्याची नोंद होईल. नियम म्हणून यात खोट नाही. माणूस दोनदा मोजला जाऊ नये आणि सुटूही नये, एवढाच त्याचा हेतू.

आमच्या गावांत हा नियम पाळायचा म्हणजे काय, हे २०११ च्या फेब्रुवारीत अनुभवलं. ओळीनं कुलपं. अधूनमधून एखादं उघडं दार, ओसरीवर म्हातारं माणूस, दोनतीन नातवंडं, दारात एखादी शेळी. एका आजीबाईंना मी घरातल्या माणसांची नावं विचारली. त्यांनी थोरल्यापासून सुरुवात केली: तीन लेक, तीन सुना, नातवंडं, कोण कुणाच्या पाठचं, सगळं व्यवस्थित. मग मी विचारलं, यातले आत्ता गावात कोण आहेत? त्या आणि दोन नातू. तेवढेच लिहिले. ते त्यांच्या लक्षात आलं. म्हणाल्या, "घर माझं हाय, लेकरं माझी हायेत, अन् तू लिहीत न्हाईस? मंग त्यांला लिहिल कोण?"

मी सांगितलं, तिकडचे गुरुजी लिहितील.

तिकडचे गुरुजी म्हणजे तुम्ही. कराडचे, वाळव्याचे, शिरोळचे, माळशिरसचे, बारामतीचे, इंदापूरचे, राहुरीचे. सीमेपलीकडं बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांतलेही. आमच्याकडून पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर, वडवणी, केज, गेवराई, पाथर्डी इथून माणसं निघतात. जालन्यातून, धाराशिवमधून, जतच्या दुष्काळी पट्ट्यातून निघतात. नंदुरबारचे कितीतरी भिल्ल गुजरातच्या उसात जातात. एकूण किती, ते विचारू नका. कुणी आठ लाख म्हणतो, कुणी बारा, कुणी पंधरा. ज्या राज्यात उसाचं टन न् टन काट्यावर मोजलं जातं, त्या राज्यात ऊस तोडणाऱ्यांचा आकडा सात लाखांनी इकडंतिकडं होतो. मतदानाला मात्र हीच माणसं बरोबर सापडतात. २०२४ च्या विधानसभेला मतदान २० नोव्हेंबरला आणि हंगामाची तारीख १५ नोव्हेंबर, अशी गाठ पडली होती. तेव्हा टोळ्या मतदानापर्यंत थांबाव्यात, गेलेल्या परत याव्यात म्हणून पुढाऱ्यांची किती धावपळ झाली, ते आम्ही पाहिलंय. मोजणीसाठी कुणी जीप पाठवणार नाही.

तर तळाबद्दल, म्हणजे टोळ्यांच्या मुक्कामाच्या जागेबद्दल. सगळे तळ सारखे नसतात. गाडी सेंटरवाले, म्हणजे टायरच्या बैलगाड्यांनी ऊस ओढणारे, बहुतेक कारखान्याच्या आसपास मोठ्या तळावर उतरतात आणि पट्टा पडेपर्यंत तिथंच असतात. शेकडो कोप्या, गाड्या, बैल, असं एक गावच असतं ते, आणि सापडायला अवघड नाही. अवघड आहेत डोकी सेंटरवाले. फडात तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहून ट्रकमध्ये नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरायच्या. यांचा तळ लहान असतो, आठदहा कोयत्यांचा सुद्धा. तो गावाच्या कडेला, ओढ्याच्या वर, कुणाच्या तरी पड रानात असतो, आणि त्या शिवारातला ऊस संपला की उठून पुढच्या गावी जातो. मोजणीच्या त्या वीस दिवसांतच तो एका प्रगणकाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जाऊ शकतो. अशा तळावर गेलात तर आधी एकच विचारा, मागच्या मुक्कामी कुणी मोजून गेलं का.

कोपी कशी उभी राहते ते तुमच्यातल्या अनेकांनी रस्त्यावरून पाहिलं असेल, जवळून कमी जणांनी. ट्रक उतरवतो तेव्हा बहुधा रात्र असते. आधी जागेवरून भांडण, कारण उताराची जागा कुणालाच नको असते. अवकाळी आला तर पाणी आत येतं. सकाळी बांबू आणि चटया वाटतात. कुठं त्या कारखान्याच्या असतात, कुठं मुकादम देतो आणि हिशेबात धरतो. समोरासमोर बांबू रोवून त्यांची टोकं वर एकमेकांना टेकवायची, आडवा बांबू घालून सुतळीनं आवळायचं, दोन्ही अंगांनी चटया सोडायच्या, वर पाचट अंथरायचं आणि त्यावर ताडपत्री. ताडपत्री नसली तर खताच्या पिशव्या शिवून केलेला कागद. वाऱ्यानं उडू नये म्हणून दोरीला दगड लटकवायचे. भिंत अशी नसतेच. छप्परच जमिनीला येऊन टेकतं. दार इतकं खुजं की मोठ्या माणसाला वाकूनच शिरावं लागतं. आत मधोमध तेवढं उभं राहता येतं.

हे काम दादांचं, म्हणजे वडिलांचं. माय तेवढ्या वेळात चूल मांडायची. तिचा क्रम ठरलेला होता: आधी चूल, मग छप्पर. तीन दगड, चिखल, आणि वाऱ्याची दिशा बघून तोंड. पाचटाचं छप्पर शेजारी असताना चूल कुठं घालायची याला फार अक्कल लागते. एका ठिणगीनं अख्खी ओळ जळते. मग पाणी मारून, धुम्मसानं भुई चोपून, बैलांच्या शेणानं सारवण. भुई वाळली की बाजरीचं पोतं, पत्र्याची पेटी, हंडा, कळशी, कपड्यांची दोरी, बांबूला अडकवलेला भगवानबाबांचा फोटो. माय गावाहून नेमानं वरवंटा न्यायची. पाटा जड, तो घरीच राहायचा. तिकडं गेल्यावर ओढ्याकाठी सपाट दगड शोधायचा, टाकी मिळाली तर टाकून घ्यायचा, नाहीतर तसाच वापरायचा. हंगाम संपला की तो दगड तिथंच. महाराष्ट्राच्या निम्म्या ऊसपट्ट्यात तिचे पाटे पडलेत, असं दादा थट्टेनं म्हणायचे.

आता तुमच्या कामाचा मुद्दा. ही कोपी घर आहे का? भिंती नाहीत, नंबर टाकायला जागा नाही, चटईवर गेरू धरत नाही. अशी जागा पाहून प्रगणकाच्या मनात पहिल्यांदा 'बेघर' येतं. तसं लिहू नका. माझ्या भावनेचा प्रश्न बाजूला ठेवा, पुस्तिकाच काढा. जनगणनेच्या सूचनांमध्ये इमारत कशाला म्हणावं याची व्याख्या असते आणि तिच्यात एक अपवाद दिलेला असतो: काही भागांत घराची बांधणीच अशी असते की भिंत नसते, शंकूसारखी रचना असते, आत जायला वाट असते, तिलाही इमारत धरायचं. दिल्लीत कुणीतरी विचार करून हे लिहिलंय. ते लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा कुठली तरी दूरची आदिवासी वस्ती असेल. पण ते वर्णन आमच्या कोपीला तंतोतंत लागू पडतं. बेघर म्हणून नोंद करायची ती उघड्यावर, फूटपाथवर, नळकांड्यात, पुलाखाली, देवळाच्या ओट्यावर राहणाऱ्यांची, आणि त्यांच्यासाठी २८ फेब्रुवारीची रात्र राखून ठेवलेली असायची. कोपीवाले त्यात बसत नाहीत. घरयादीत नसलेली नवी घरं माणसांच्या मोजणीच्या वेळी दिसली तर ती यादीत चढवायची, ही सूचनाही जुनीच आहे. चढवा.

कुटुंबाची व्याख्या तर आमच्या मायलाही पाठ होती. एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. तळावर एकाच्या कोपीत भाऊ, भावजय, मेहुणा असे सहाजण दिसतील आणि चुली दोन असतील. नातं विचारून थांबू नका, चुली मोजा. उलट गावाकडं म्हातारी ज्या चुलीवर दोन नातवांना भाकरी घालते ती निराळी चूल. वर्षातले पाच-सहा महिने हे कुटुंब दोन चुलींवर असतं. वेगळं निघालेलं नसतं, भांडण नसतं, पैसा एकाच पेटीत असतो. कागदावर दोन कुटुंबं होतील, त्याला इलाज नाही. पण दोन्ही झाली पाहिजेत, एक गळता कामा नये.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. ऊसतोडीवर लिहिणारे बहुतेक लोक कोपीला नुसता उकिरडा करून टाकतात आणि गावाकडच्या घराला देव्हारा. तसं नाहीये. गावाकडचं पक्कं घर कित्येकदा उचलीवरच बांधलेलं असतं, ती फेडायला पुन्हा ऊस, आणि स्लॅब पडल्यावर त्या घरात सलग वर्षभर राहणं कुणाच्या नशिबी येत नाही. आमच्याकडं लग्न झालेल्या पोरीला विचारून बघा. नवऱ्याबरोबर पहिल्यांदा स्वतःची चूल तिला मिळते ती कोपीत. सासू गावी, दीर दुसऱ्या टोळीत. मीठ किती घालायचं हे ती ठरवते. दोरीवर लुगडी कुठं वाळत घालायची, बाजरीचं पोतं कोणत्या कोपऱ्यात ठेवायचं, उसाचं वाढं विकून आलेल्या पैशातून बांगड्या घ्यायच्या की पोराला सदरा, हेही तीच ठरवते. माझी माय पुढं गावात चांगल्या दोन खोल्यांच्या घरात राहिली, पण स्वतःच्या संसाराच्या गोष्टी सांगायला बसली की तिच्या तोंडी कोपीच यायची: अमक्या तळावर पाणी गोड होतं, तमक्या तळावर शेजार चांगला मिळाला.

म्हणून तळावर गेल्यावर कीव करू नका. आणि डोळेझाकही करू नका. या कोपीत पहाटे तीनला उठावं लागतं. न्हाणी म्हणजे चार काठ्यांना गुंडाळलेली जुनी साडी. संडासाला उसात जायचं, तेही अंधार असेपर्यंतच. पाळी आली तरी खाडा परवडत नाही, कारण खाडा पडला की पैसे कापले जातात. पोटुशी बाईसुद्धा मोळी वाहते. या सगळ्याची किंमत एकदाच आकड्यात दिसली. २०१९ मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून ओरड झाली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. गावातल्या प्रत्येकाला हे वर्षानुवर्षं ठाऊक होतं, पण मोजून झाल्यावरच विधिमंडळात बोललं गेलं.

आता तुमच्या प्रश्नांकडं वळतो, कारण उत्तरं घेताना पाय घसरण्याच्या जागा आहेत.

बाईच्या नावापुढं काम लिहिताना तिला विचारा. नवऱ्याला किंवा मुकादमाला विचारलंत तर "घरीच असती, माझ्यासंगं येती" असं ऐकू येईल. ती घरी नसते, ती अर्धा कोयता आहे. मग किती महिने काम केलं याची रेघ येते. मागच्या जनगणनेत सहा महिने किंवा जास्त काम केलेला तो मुख्य कामगार आणि त्याहून कमी केलेला सीमांतिक, अशी विभागणी होती. उसाचा हंगाम पाच-सहा महिन्यांचा, नेमका या रेघेवर येऊन थांबणारा. म्हणून नुसतं "उसात किती महिने?" असं विचारू नका. गावी परतल्यावर खुरपणी, कापूस वेचणी, वीटभट्टी, रोजगार हमी, काय काय केलं ते धरून वर्षाचा हिशेब घ्या. सहाची रेघ आम्हाला आणखी एका ठिकाणी नडलीय. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २००७-०८ च्या स्थलांतर पाहणीत थोड्या मुदतीसाठी जाणारा म्हणजे एक महिना ते सहा महिन्यांच्या आत बाहेर राहिलेला, असं धरलं होतं. पट्टा लवकर पडला तर आमचा माणूस त्यात बसतो, लांबला तर बाहेर पडतो. माणूस तोच, कोयता तोच, फरक कारखान्याच्या धुराड्याचा.

आधीचं राहण्याचं ठिकाण विचाराल तेव्हा टोळीतला एखादा म्हणेल, "आम्ही बाहेरचे न्हाई, दरसाल हितंच येतो." ते खरंही असतं. काही टोळ्या वर्षानुवर्षं त्याच कारखान्याला येतात. कुठल्या विहिरीवर मालक पाणी भरू देतो आणि कुठं कुत्रं सोडतो, हे पोरासोरांना माहीत असतं. तरी मूळ गाव आणि तालुका लिहून घ्या, आणि येण्याचं कारण कामधंदा. पंचायतीच्या दाखल्यावर ज्या गावचे ते आहेत त्या गावाला पुढं निधी, रेशन हे आकड्यावरच मिळणार. फेब्रुवारीत आमची गावं कागदावर म्हाताऱ्यांची वस्ती होऊन बसतात.

जन्मठिकाण. हा प्रश्न सोपा वाटतो. माझी धाकटी बहीण कराडजवळच्या एका तळावर जन्मली. सुईण म्हणून शेजारच्या कोपीतली बाई, आणि पाचव्याच्या पूजेला चटईला टेकवून ठेवलेला विळा. तिच्या जन्माची नोंद ना तिकडच्या ग्रामपंचायतीत, ना इकडच्या. शाळेत घालताना गुरुजींनी जन्मतारीख म्हणून १ जून लावला, माझ्याही बाबतीत लावला होता, आणि पुढं मी गुरुजी झाल्यावर माझ्या हाताखालून किती १ जून गेले त्याची गणती नाही. अशा माणसाला जन्मगाव विचारलं की तो शाळेच्या दाखल्यावरचं गाव सांगतो. आईला विचारा. ती म्हणेल, फलाण्या कारखान्यावर, उसाच्या भरात. तो जिल्हा लिहा. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात पुष्कळशी, पण तळावरची अजून बंद झालेली नाहीत.

जातीच्या रकान्यात एक खबरदारी घ्या, विशेषतः कोल्हापूर-सांगलीकडच्या आणि कर्नाटकातल्या मित्रांनी. वंजारी आणि बंजारा हे दोन वेगळे समाज आहेत. बंजारा तांड्यावर राहतात, घरात गोरमाटी बोलतात, त्यांना लमाण म्हणूनही ओळखतात. वंजारी मराठी बोलतात. कर्नाटकात लंबाणी पुष्कळ, त्यामुळं तिथं वंजारी म्हणणाऱ्यालाही त्यांच्यात ढकलायची चूक सहज होते. आणि टोळी सगळी एकाच जातीची असेल असं धरून चालू नका. मराठा, धनगर, महार, मांग, भिल्ल, सगळे उसात असतात. बाजरीच्या भाकरीला जात नसते असं व्याख्यानात म्हणतात. तळावर मात्र कोप्यांच्या ओळी बघितल्या तर कोण कुठल्या टोकाला आहे ते कळतं.

सगळ्यात मोठा मोह म्हणजे मुकादमाची वही. तो अदबीनं खुर्ची देईल, चहा मागवेल, वही उघडेल आणि म्हणेल, गुरुजी, सगळी नावं यात आहेत, उतरून घ्या. घेऊ नका. त्या वहीत कोयते आहेत आणि त्यांच्यापुढं उचलीचे आकडे आहेत. लेकरं नाहीत. फडात न जाता कोपीत बसून तान्हं बाळ सांभाळणारी दहा वर्षांची पोर नाही. मोतीबिंदूमुळं गावी एकटं ठेवता येत नाही म्हणून बरोबर आणलेला म्हातारा नाही. पळून लग्न केलेलं एखादं जोडपं दुसऱ्याच नावानं असतं. नवरा वारल्यावर भावाच्या कोयत्याला जोडून आलेली बाई असते, तिचं वहीत नावच नसतं. या माणसांसाठीच तळावर जायचं आहे.

वेळ. दिवसा गेलात तर तळावर कुत्री, म्हातारी आणि लहान पोरं भेटतील, आणि तुम्ही 'कुलूपबंद' लिहून परत याल. फडावर जाऊन विचारू नका; तिथं गाडी भरायची घाई असते, कारखान्याचा चिटबॉय डोक्यावर उभा असतो, कुणी धड बोलणार नाही. डोकी सेंटरवाले दिवस मावळल्यावर परततात, गाडीवाल्यांचा नेम नसतो, कारखान्याच्या वजनकाट्यावर रांग लागली की मध्यरात्र होते. साधारण सात ते साडेआठच्या दरम्यान चुली पेटतात, भाकरी होतात, तेव्हा बायका बसलेल्या असतात आणि बोलतात. नऊनंतर कुणाला उठवू नका, त्यांना तीनला उठायचं असतं. बाईंना माझी विनंती आहे की एकट्या जाऊ नका, पण जा मात्र जरूर. तळावरच्या बायका तुमच्यापाशी जे सांगतील ते आमच्यापाशी सांगायच्या नाहीत.

तळ शोधायचे कसे? कारखान्याच्या शेती खात्याकडं, गट ऑफिसला, कुठल्या शिवारात कोणती टोळी आहे याची रोजची नोंद असते. तिच्याशिवाय ऊसच येणार नाही. मोजणीच्या आधीच्या आठवड्यात तहसीलदारांच्या सहीचं पत्र घेऊन ती यादी मागा. शाळेत येणारी तळावरची पोरं असतील तर त्यांना विचारा, ती तुम्हाला शॉर्टकटनं नेतील. आमच्याकडच्या गावांतल्या प्रगणकांचे फोन घ्या, आम्ही तुमचे घेऊ. आजीबाईंनी सांगितलेली नऊ नावं आणि तुमच्या तळावरची नऊ नावं जुळवायला दोन मिनिटं लागतात. शिक्षकांचे व्हॉट्सॲप ग्रुप याहून फालतू कामांसाठी चाललेले असतात.

एक काम तुमच्या आदेशात नसेल. कोपीच्या छपराची, पाण्याची, संडासाची नोंद करायला त्या टप्प्यात रकाना मिळणार नाही, कारण ते प्रश्न घरयादीतच संपलेले असतील. तळाची पाहणी झाली की साध्या कागदावर चार ओळी लिहा: कोप्या किती, माणसं किती, त्यात सहा वर्षांखालची किती, पाणी कुठून, संडास किती, लाइट आहे का. तारीख घाला, सही करा, एक प्रत पर्यवेक्षकाला द्या आणि दुसरी ग्रामपंचायत अधिकाऱ्याला. त्याचं पुढं काय होईल? बहुधा फायलीत जाईल. पण गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगारांचं महामंडळ आहे, मुलांसाठी वसतिगृहांची योजना आहे, आणि या सगळ्यांना दरवर्षी कुठून तरी आकडा लागतो. तुमच्या तालुक्यातला खरा आकडा, सहीसकट हाती असू द्या.



आपला,
शिरूर कासार तालुक्यातला एक निवृत्त प्राथमिक शिक्षक

ता. क. बॅटरी आणि मोबाइलची पॉवर बँक बरोबर न्या. तळावर लाइटचा भरवसा नाही, आणि ॲपमध्ये भरलेली माहिती अर्ध्यावर गेली तर दुसऱ्या दिवशी तीच माणसं तिथं असतील याची खात्री नाही. कोपीत शिरताना डोकं सांभाळा.